नळाचं पान

पाणी यायच्या आधी आमचा नळ खोकायचा. सुरुवातीला एक बारीक शीळ, मग पोटातून आल्यासारखी घरघर, दोनतीन ठसके आणि मग लालसर पाण्याची पहिली चूळ. हा आवाज कानावर पडला की आई हातातलं असेल ते टाकून अंगणात धावायची, मग ते लाटणं असो की माझी अर्धी घातलेली वेणी. आमच्या तालुक्याच्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि आला की तासभर टिकला तर नशीब. कोणत्या दिवशी येईल, सकाळी की दुपारी, हे कोणालाच ठाऊक नसायचं. बायका माहेरी जाणं पुढं ढकलायच्या, मास्तर लोक अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे, आणि मयताला गेलेली माणसंसुद्धा स्मशानातून घरी फोन करून विचारायची, नळ आले का म्हणून. आता माझ्या घरात तोटी फिरवली की रोज पाणी येतं. तरी तोटीतून नुसती हवा निघाली की मी अजून बादली शोधायला लागते, आणि घरातली तरणी मंडळी हसतात.

आमच्याकडे एक रीत होती, ती बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो कपाळावर हात मारून घेतो. शिळ्या पाण्यावर ताजं पाणी घ्यायचं नाही. नळ सुटल्याची खबर लागली की ड्रममध्ये उरलेलं सगळं पाणी आधी ओतून द्यायचं. अंगणात, कूलरमध्ये, कडुनिंबाच्या बुडाशी, पायऱ्यांवर, जिथं जाईल तिथं. मग ड्रम आतून काथ्यानं घासायचा आणि नळाखाली लावायचा. नळ टिकणार तासभर, म्हणून हे सगळं पहिला थेंब पडायच्या आत उरकावं लागे. इतक्या टंचाईच्या गावात माणसं पाणी ओतून द्यायची आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. शेजारच्या कमलमावशी तर शेवटचा तांब्यासुद्धा ठेवत नसत. त्या एकट्या राहायच्या, मुलगी नांदुऱ्याला दिलेली, गुडघे गेलेले. मगानं पाणी उपसून ड्रम हलका करायच्या, मग तो कलता करून लोटायच्या. एका घरातून दुसऱ्या घरात ते ओतल्याचे आवाज सरकत जात आणि ऐन मे महिन्यात आमची गल्ली ओल्या मातीच्या वासानं भरून जाई.

बाबा पाणीपुरवठा विभागात लिपिक होते, आणि हे आमच्या घराचं भाग्य आणि दुर्दैव दोन्ही होतं. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत त्यांच्या ताटात रोडगा पडायच्या आधी शेजारचा माणूस विचारायचा, आमच्याकडे कधी सोडता. बाबा सांगायचे, सोडला की येते. यात लबाडी काही नव्हती, त्यांनाही खरंच माहीत नसायचं. टाकी किती भरली, मोटार किती चालली, वीज कधी गेली, यावर सगळं अवलंबून. आणि शेवटी सलीमचाचा हातातली लांब लोखंडी चावी घेऊन कोणत्या गल्लीच्या वॉल्व्हवर उभे राहतील, ते त्या सकाळीच ठरायचं. सलीमचाचा रोजंदारीवर होते. सायकलच्या दांडीला ती चावी बांधून ते निघाले की त्यांच्या मागे मागे खबर पळायची.

अशा घरात मृणालकाकू सून म्हणून आली. बाबांचे धाकटे भाऊ विलासकाका यांचं औषधाचं दुकान गावात, म्हणून ती पुण्याची नोकरी घरी घेऊन आली होती. तिचं माहेर वरवट बकालचं, बोलणं अगदी आमच्यासारखं, पण मधल्या खोलीत शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून ती जे काही करायची ते आम्हा कोणाला कळत नव्हतं. आणि बाबा तिचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी सून बोलत नाही, त्याच्यासमोर बसत नाही, हे आमच्याकडे तेव्हाही पाळलं जायचं. कोणी सक्ती केली होती असं नाही. दोघांनाही त्यातच बरं वाटायचं असं आम्ही समजून चाललो होतो. पण एका घरात दोन माणसांचं काम तर पडतंच, मग मधे मी. बाबा म्हणणार, तिले सांग चहात साखर कमी टाकजो. काकू हातभर अंतरावर उभी, तिनं ते स्पष्ट ऐकलेलं, तरी ती थांबणार. मी वळून तेच वाक्य तिला म्हणणार, मग ती मान हलवणार आणि साखरेचा डबा उचलणार. माझ्या दहावीपासून बारावीपर्यंत मी हेच काम केलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा मोठा तोरा होता.

नळाच्या पानाची सुरुवात वरवट बकालमध्ये झाली. काकू माहेरी गेली होती आणि तिच्या कंपनीनं केलेलं काहीतरी ती तिच्या आईच्या फोनवर उघडून दाखवत होती. फोन स्वस्तातला, नेटवर्क घराच्या एका कोपऱ्यातच यायचं. पडदा पांढरा, मधे एक चक्र गरगर फिरतंय, आणि तिची आई विचारतेय की हेच करतं का तू दिवसभर. परत आल्यावर काकू दोन दिवस धुसफुसत होती. मी विचारलं तर तिनं मला कणिक मळता मळता समजावलं, आणि ते मी जन्मभर विसरले नाही. तिच्या कंपनीत फोनला शिधा पाठवायची पद्धत होती. पीठ, मीठ, तेल, तिखट, वर स्वयंपाक कसा करायचा त्याचं भलंमोठं बाड. त्या बाडाचं नाव जावास्क्रिप्ट. चांगला फोन असेल तर तो भराभर शिजवतो. गरीब फोन चूल फुंकत बसतो, तेच ते चक्र. ती म्हणाली, आपण इकडंच रांधू, सर्व्हरवर, म्हणजे पान पाठवणाऱ्या आपल्या संगणकावर, आणि वाढलेलं ताट पाठवू. फोननं फक्त समोर मांडायचं.

आणि मग तिनं ते केलं. एक अगदी साधं पान. वर गावाचं नाव, खाली गल्ल्या आणि मोहल्ले एकाखाली एक, प्रत्येकासमोर एक शब्द, सुरू किंवा बंद. रंग नाही, चित्र नाही. मला आधी ते पाहून निराशाच वाटली, कारण माझ्या डोक्यात संगणकाचं काम म्हणजे काहीतरी झगमगीत होतं. काकूनं मला लॅपटॉपपुढं बसवलं आणि स्वतः अंगणात जाऊन तिच्या फोनवर काहीतरी केलं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीच्या नावापुढचा 'बंद' गेला आणि 'सुरू' आला. पान हललं नाही, पांढरं झालं नाही, बाकीच्या गल्ल्या होत्या तिथंच होत्या. जिथं फरक पडायचा होता तेवढ्याच जागी फरक पडला होता. मी अंगणात पळाले, पुन्हा आत आले, पुन्हा कर म्हटलं. तिनं पुन्हा केलं. मला वाटतं मी तिला चांगल्या वीसेक वेळा ते करायला लावलं असेल आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, एवढ्यापुरतं मूठभर जावास्क्रिप्ट लागते, नवी ओळ आली की जुनीच्या जागी ठेवायची. ओळ मात्र सर्व्हर तयारच पाठवतो.

मग तिनं मला पानाची उलटी बाजू दाखवली. ब्राउझरमध्ये एक जागा असते, तिथं दाबलं की पान कशाचं बनलंय ते उघडं पडतं. मी एकदा एका मोठ्या बातम्यांच्या पानाचं पोट असं उघडून पाहिलं होतं आणि घाबरून बंद केलं होतं, नुसतं रान माजलेलं. काकूचं पान मात्र वाचता आलं. कोनदार कंसांच्या आत खुणा, आणि त्या खुणांच्या मधे आमच्या गल्लीचं नाव देवनागरीत, स्वच्छ. ही यादी सुरू झाली, ही ओळ, ही ओळ संपली, ही यादी संपली. कोणीही वाचावं असं. मला त्या क्षणी जे वाटलं ते आजही शब्दात धरता येत नाही. जग ज्या यंत्रांवर चाललंय म्हणतात, त्यांचा आतला भाग मला, आमच्या गल्लीतल्या बारावीच्या मुलीला, वाचता येत होता. पुढं मी आयुष्यभर याच कामावर भाकरी खाल्ली. मोठमोठी कामं पाहिली, केलीही, पण त्या दुपारी वाटलं होतं तसं परत कधी वाटलं नाही.

पान तपासायचं काम वरवट बकालच्या आजींकडे, म्हणजे काकूच्या आईकडे होतं. काकू फोन लावायची आणि त्या घराच्या नेटवर्कवाल्या कोपऱ्यात उभ्या राहून आमच्या गावच्या गल्ल्यांची नावं मोठ्यानं वाचून दाखवायच्या, कोणाला नळ आला, कोणाला नाही. त्यांच्या फोनवर बोट ठेवता ठेवता पान उघडलं की काकूचा चेहरा असा उजळायचा की विलासकाका चिडवायचे, लग्नातही इतकी हसली नव्हती. बाबांची परवानगी माझ्यातर्फेच मागितली गेली. बाबा बराच वेळ पान पाहत राहिले, वर खाली सरकवून पाहिलं, आणि मग मला म्हणाले की तिले सांग, सलीमले जमलं पाह्यजे. ऑफिसात त्यांनी साहेबांना तोंडी सांगून ठेवलं, कागदावर काही नाही. त्यांच्या शब्दावरच ते सुरू झालं.

सलीमचाचांना पासवर्ड टाकायला लावणं म्हणजे त्यांच्या हातातली चावी काढून सुई देणं. म्हणून काकूनं त्यांच्यासाठी वेगळं पान केलं. प्रत्येक गल्लीसमोर दोन मोठे शब्द, सुरू आणि बंद, बोट लावलं की काम झालं. ते शब्द म्हणजे लिंका होत्या, आणि त्या लिंकांमध्येच गुप्त खूण होती, म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्याच्याकडे अधिकार. तिनं आधी बटणं करून पाहिली होती, पण चाचांच्या जुन्या फोनवर ती चिमुकली दिसायची आणि त्यांच्या ओल्या, जाड अंगठ्याखाली भलतंच दाबलं जायचं. उन्हाळा तोंडावर होता. लिंका मोठ्या दिसत होत्या, म्हणून लिंका ठेवल्या.

महिन्याभरात लोक त्याला नळाचं पान म्हणायला लागले. कमलमावशींच्या फोनवर मीच ते उघडून ठेवलं होतं. त्या ते सकाळी उठून देवाला हात जोडल्यावर पाहायच्या, आणि कधी नव्हे त्या दोन दिवस निर्धास्त लेकीकडे राहून आल्या. मास्तर लोक शाळेत जाऊ लागले. एका लग्नात बाबा आमच्यासोबत पूर्ण जेवले, रोडगे, वांग्याची भाजी, वर शिरा, आणि मधे कोणी एका शब्दानं नळाचं विचारलं नाही. घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता मला म्हणाले की तिले सांग, चांगलं झालं. मी सांगितलं. काकू ओट्याजवळ उभी होती, तिनं पदराचं टोक हातात घट्ट धरलं.

आणि मग ती सकाळ आली. आईनं कुरड्यांसाठी गहू भिजत घातले होते, त्याचं पाणी रोज बदलावं लागतं, म्हणून ड्रम अर्ध्याच्या खाली गेलेला. सलीमचाचा त्याच पहाटे भाचीच्या लग्नाला जळगाव जामोदला गेले होते. जबाबदार माणूस, जाताना बदलीच्या माणसाचा खोळंबा नको म्हणून त्यांनी सगळ्या गल्ल्यांच्या 'सुरू'च्या लिंका एकेक करून विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्या, जशी चावी खुंटीला अडकवून जावी तशा. मी दात घासत होते. काकू लॅपटॉपपुढं होती. ती म्हणाली, अगं आज सगळीकडं सुटलं. मी पाहिलं तर पानावर एकही 'बंद' नव्हता. वरपासून खालपर्यंत सगळ्या गल्ल्या सुरू. त्या क्षणी मला ते फार सुंदर दिसलं, हे कबूल केलंच पाहिजे. तेवढ्यात आईनं अंगणात ड्रम कलता केला आणि पलीकडं कमलमावशींच्या मगाचा आवाज सुरू झाला.

बाबा आंघोळीहून टॉवेलवरच बाहेर आले. आईनं त्यांना आनंदानं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. सगळीकडे एकाच वेळी कधी सोडतच नाहीत, टाकीत तेवढं पाणीच नसतं. ते म्हणाले, "पोरी, तिले म्हण, पान खोटं बोलून राह्यलं." मी सांगायच्या आत काकूनं लॅपटॉपवर सगळ्या गल्ल्या बंद केल्या होत्या. पण बाहेर नालीतून पाणी वाहत होतं. आमच्या गल्लीचं, पुढच्या गल्लीचं, सगळ्या गावानं जपून ठेवलेलं पाणी, आणि ओल्या मातीचा तो वास, जो मला एरवी इतका आवडायचा. लोक घासलेले ड्रम नळाखाली लावून उभे होते. नळ खोकत नव्हते. कमलमावशी पायरीवर बसून राहिल्या होत्या, हातात तो मग. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "पानानं सांगतलं म्हनून ओतलं न मी. प्यायलेही नाई ठेवलं."

थोड्याच वेळात आमच्या अंगणात माणसं जमली. आरडाओरडा फारसा नव्हता, त्यापेक्षा ते वाईट होतं. बाबांचा फोन वाजला. साहेब इतक्या मोठ्यानं बोलत होते की शब्द आम्हाला ऐकू येत होते. कोणाच्या सांगण्यावरून हे चालू केलं, कोणी दाबलं, सलीमच असणार, त्याला उद्यापासून बंद करा, लोकांना सांगायला एक नाव तर द्यावं लागेल. बाबा हो साहेब, विचारतो साहेब म्हणाले आणि फोन हातात तसाच ठेवून माझ्याकडे वळले. विचार तिले, कोनं दाबलं, सलीमनं की बदलीवाल्यानं. मी मधल्या खोलीच्या दाराकडे वळले. काकू तिथंच उभी होती. तिच्या हातात काकांचा फोन होता, त्यांचं दुकान विभागाशेजारी म्हणून ते त्या ग्रुपवर होते. तिनं तो मला दाखवला. सलीमचाचांनी टाकलेली प्रत्येक लिंक, आणि प्रत्येक लिंकेखाली एक लहानसा करडा चौकोन, त्यात आमच्या पानाचं नाव. मला काहीच उमगलं नाही. मी तिचा निरोप ऐकायला तोंड वर केलं. ती माझ्या बाजूनं निघून ओसरीत गेली, बाबांच्या समोर, सगळ्या लोकांच्या देखत.

"दादा," ती म्हणाली, "कोनीच दाबलं नाई. लिंक टाकली की हे अॅप आपलं आपन जाऊन पाहून येते, खाली चित्र दाखवाले. नुसतं पाहून आलं, तरी नळ सुरू झाला. कारन मी ते तसं ठेवलं होतं. पाहाले जानाऱ्यानं काही बदललं नाई पाह्यजे, हे मले माहीत होतं. चाचाचं नाव नका सांगू. माह्यं सांगा."

आई कुरड्यांच्या गव्हात हात घालून तशीच बसलेली. बाबांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं, तिले सांग, एवढं म्हणाले, आणि थांबले. मला आठवतं, मी पुढचे शब्द घ्यायला तयार उभी होते. ते माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे वळले. काकू घरात येऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं, आणि मी त्यांना तिच्याकडे थेट पाहताना पहिल्यांदा पाहत होते.

"पान माह्या शब्दावर चाललं," ते तिला म्हणाले. "नाव माह्यं सांगतो. तुम्ही ते नीट करा. होईन ना?"

"होईन," ती म्हणाली.

मला त्या वेळी जे झालं त्याला मी आश्चर्य म्हणते, दुसरा शब्द नाही. एवढी वर्षं मी मधे उभी राहून जे वाहत होते ते दोन माणसांनी एका दमात एकमेकांना दिलं आणि घेतलं, आणि छप्पर कोसळलं नाही. मला माझं काम गेल्याचं किंचित वाईटही वाटलं. बाबा कपडे करून ऑफिसात गेले. साहेबांनी त्यांना लेखी समज दिली आणि सांगितलं, नळाच्या पुढच्या पाळीपर्यंत पाहू. लोकांनी पानावर विश्वास ठेवला तर चालू ठेवा, नाहीतर पानही बंद आणि सलीमही. विश्वास हा काही हुकमानं यायचा नव्हता. टँकर आले, आमच्या घरामागच्या बोअरचं खारट पाणी लोकांनी भांड्यांना नेलं, काकांनी आणि बाबांनी कमलमावशींचा ड्रम खांद्यावरून आणलेल्या बादल्यांनी भरून दिला. त्यांनी तो भरू दिला, पण एरवीसारखा चहा काही विचारला नाही. बाजारात लोक म्हणत होते की आता नळ डोळ्यांनी पाहू तेव्हाच ओतू.

काकूनं ते दुरुस्त केलं, आणि टाइप माझ्याकडून करून घेतलं. तिनं सांगितलं की लिंक म्हणजे जाऊन पाहणं. यंत्रंही लिंका पाहत फिरतात, त्यांचा तो स्वभावच आहे, म्हणून पाहिल्यानं जगात काही बदलता कामा नये. बदलायचं असेल तिथं फॉर्म आणि बटण. ते माणसाच्या बोटाखेरीज हलत नाही. मी चार ओळी लिहिल्या. फॉर्म सुरू, आत गल्लीचं नाव, एक हातभर रुंदीचं बटण, त्यावर सुरू करा, फॉर्म संपला. दाबलं की सर्व्हर एकदा विचारणार, नक्की का, आणि मगच करणार. मी विचारलं, यात जावास्क्रिप्ट किती आहे. काहीच नाई, ती म्हणाली, हे ब्राउझरले जन्मापासून येते. मी ते बटण पुन्हा पुन्हा पाहत बसले. इतकी साधी वस्तू, इतक्या वर्षांपासून तिथंच पडलेली, आणि गावाचं पाणी तिच्यावर. ग्रुपवर आम्ही मुद्दाम आमच्या गल्लीची तीच जुनी लिंक, जी आता नुसतं हे बटण दाखवायची, टाकून पाहिली. खाली करडा चौकोन आला, यंत्र येऊन पाहून गेलं, आणि आमची गल्ली बंदच राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरून शिलाई मशीनजवळ उड्या मारल्या. सलीमचाचा लग्नाची मिठाई घेऊन आले तेव्हा त्यांना कोणीतरी काय घडलं ते सांगितलंच होतं. काकूनं त्यांचा फोन मागून घेतला आणि त्यांच्या अंगठ्यानं ते बटण दाबून पाहायला लावलं.

पुढची पाळी फार लांबली. त्या दिवसांत घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. काकू पुण्याचं काम करायची, पण मधूनच उठून आमच्या पानाकडे पाहून यायची. बाबा आता तिला थेट विचारायचे, जेवण झालं का, वीज गेली तर सर्व्हर बंद तर नाही पडत. ती उभ्यानंच उत्तर द्यायची. एकदा तिनं त्यांना विचारलं, लोक पाहतील का हो पान. बाबा म्हणाले, पाहतीन, पन ऐकतीन का ते मी नाई सांगू शकत.

मग एका सकाळी लॅपटॉपवर आमच्या गल्लीची ओळ बदलली. बंद गेला, सुरू आला. बाकीच्या सगळ्या ओळी बंदच होत्या, जशा असायला पाहिजेत. वॉल्व्ह उघडल्यावर आमच्या टोकापर्यंत पाणी पोचायला नेहमीच वेळ लागायचा. काकू खुर्चीतून उठली नाही, तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी खिडकीशी गेले. गल्लीत सगळ्यांच्या हातात फोन होते. टँकरच्या पाण्याचे ड्रम झाकण लावलेले, आणि प्रत्येक जण नळाच्या तोटीकडे पाहत उभा. बाबाही दारात होते. कोणी काही ओतत नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं हे.

कमलमावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. आई कुंपणावरून म्हणाली, थांबा मावशी, येऊ द्या आधी. मावशींनी फोन कमरेला खोचला. "आला म्हनते न पान," त्या म्हणाल्या, आणि हातात मग घेऊन ड्रममध्ये वाकल्या. चारदोन मग उपसले आणि ड्रम कलता करून पायरीवर लोटून दिला. सगळं पाणी, प्यायचंसुद्धा. पलीकडच्या घरातून ड्रमचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग त्याच्या पुढच्या. मग आईनं आमच्या ड्रमला हात घातला आणि बाबा तिला मदत करायला गेले. पाणी दगडावर आपटत होतं, एकामागून एक, गल्लीच्या टोकापर्यंत. मी मागे वळून काकूकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून रडत होती, आणि बाहेर अजून एकाही नळाला थेंब आलेला नव्हता.